स्वयंपाकघरातील गणित

‘मला गणित काही येत नाही,’ हे वाक्य शाळा अर्ध्यावर सुटलेली कितीतरी माणसे अगदी सहज बोलून जातात. कदाचित त्याच क्षणी ते वाक्य बोलणारी गृहिणी आमटीसाठी डाळ मोजून घेत असते. रोज चौघांना एक वाटी डाळ लागते. आज सात माणसे जेवायला आहेत, म्हणून ती पावणेदोन वाट्या डाळ घेते. कागद नाही, पेन्सिल नाही, पाढा म्हटलेला नाही. तरी उत्तर बिनचूक आहे. तीन संख्या माहीत असताना चौथी काढण्याच्या या रीतीला आपल्याकडे ‘त्रैराशिक’ असे नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाच्या ‘लीलावती’ या भागात तिचे विवेचन आहे. ज्या रीतीला ग्रंथात इतके मानाचे स्थान आहे, ती रोज वापरणारी व्यक्ती स्वतःला अडाणी समजते, ही मोठी विसंगती होय.

ही विसंगती केवळ मोठ्यांपुरती राहिली असती तर एक वेळ चालले असते. पण ते वाक्य शेजारी बसलेले मूलही ऐकत असते. ‘आईला येत नाही, बाबांना येत नाही, मग मला तरी कसे येणार?’ अशी त्याची समजूत होते आणि गणिताची भीती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरते. म्हणून मुलाला गणिताची गोडी लावण्याचे काम जेथे आई-वडिलांना स्वतःचे ज्ञान ठाऊक आहे अशा जागेपासून, म्हणजे चुलीपासून आणि पोळपाटापासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही स्वयंपाकातील रोजच्या कृतींत दडलेल्या गणिती कल्पना ओळखू शकाल; अपूर्णांक, प्रमाण आणि आकार या कल्पना मुलाला खाद्यपदार्थांच्या साहाय्याने समजावून देऊ शकाल; आणि मराठीतील अपूर्णांकदर्शक शब्दांचा नेमका उपयोग करू शकाल.

मोजण्याच्या आधी

मूल आकडे म्हणू लागले म्हणजे त्याला मोजता येऊ लागले, असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. ‘एक, दोन, तीन’ हे शब्द गाण्यासारखे पाठ होतात. पण ताटात चार वाट्या मांडताना प्रत्येक वाटीला एकच आकडा द्यायचा, एकही वाटी वगळायची नाही आणि शेवटी उच्चारलेला आकडा हीच एकूण संख्या असते, हे समजायला काही काळ जावा लागतो. पाने मांडणे हे त्यासाठी उत्तम काम आहे. घरात जितकी माणसे तितकी ताटे, जितकी ताटे तितक्या वाट्या; एक वाटी कमी पडली तर ते मुलाला कोणी सांगावे लागत नाही. रिकामे ताटच सांगते.

धान्य निवडणे, शेंगा सोलणे, मिसळलेली कडधान्ये वेगळी करणे ही कामेही अशीच उपयोगी आहेत. मूग, मटकी आणि चवळी यांचे तीन ढीग करणारे मूल वर्गीकरण करीत असते. कोणत्या ढिगात दाणे जास्त आणि कोणता ढीग दिसायला मोठा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हेही त्याला तेथेच कळते. मूठभर चवळीपेक्षा मूठभर मटकीत दाणे कितीतरी अधिक असतात.

येथे एका प्रसिद्ध प्रयोगाचा उल्लेख करणे योग्य होईल. ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांसमोर दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी ठेवले. दोन्हींत पाणी सारखे आहे, हे मुलांनी मान्य केले. मग त्यांच्या देखतच एका पेल्यातील पाणी उंच व अरुंद पेल्यात ओतले. चार-पाच वर्षांच्या अनेक मुलांनी आता उंच पेल्यात पाणी जास्त आहे असे सांगितले. भांडे बदलले तरी आतील वस्तूचे प्रमाण बदलत नाही, ही गोष्ट मोठ्यांना इतकी उघड वाटते की ती शिकावी लागते याचाच आपल्याला विसर पडतो. स्वयंपाकघरात हा प्रयोग रोज घडत असतो. तांब्यातील ताक फुलपात्रात, फुलपात्रातील ताक पसरट वाडग्यात ओतले जाते. ते ओतण्याचे काम मुलाकडे द्यावे आणि पुन्हा तांब्यात ओतायला सांगून ‘कमी झाले का?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकले तरी लगेच दुरुस्त करू नये. पुष्कळदा ओतून पाहिल्यावर मूल आपले उत्तर आपणच बदलते, आणि असे बदललेले उत्तर टिकते.

पाव, अर्धा, पाऊण

गणिताची गाडी अनेक मुलांच्या बाबतीत प्रथम रुतते ती अपूर्णांकांत. याचे कारण समजून घेतले पाहिजे. पूर्णांकांचा जो नियम मुलाने मोठ्या कष्टाने आत्मसात केलेला असतो, तो येथे उलटा होतो. चार हे तीनपेक्षा मोठे. मग १/४ हे १/३ पेक्षा लहान कसे? फळ्यावर याचे समाधान होत नाही. एक भाकरी तिघांत आणि तशीच दुसरी भाकरी चौघांत वाटून पाहिली म्हणजे मात्र भुकेलेले मूल क्षणभरही चुकत नाही. वाटेकरी वाढले की वाटा घटतो. खालचा आकडा वाटेकऱ्यांचा आहे, हे एकदा मनात ठसले की पुढचा पुष्कळसा मार्ग सोपा होतो.

दुसरी नेहमीची चूक बेरजेची. १/२ आणि १/४ यांची बेरीज करताना मूल वरचे आकडे वर मिळवते, खालचे खाली मिळवते आणि २/६ असे उत्तर लिहिते. हे उत्तर चूक आहे असे सांगून लाल रेघ मारणे सोपे आहे. पण २/६ म्हणजे १/३, आणि १/३ तर अर्ध्याहूनही कमी! अर्धी वाटी साखरेत आणखी पाव वाटी साखर घातल्यावर वाटीतील साखर कमी कशी होईल? वाटीत पाव वाटी साखर चार वेळा मावते, अर्धी वाटी म्हणजे दोन पाव, त्यात एक पाव मिळवला की तीन पाव, म्हणजे पाऊण वाटी. समच्छेद करणे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून दोन्ही भाग एकाच मापाने मोजणे होय. शाळेतील नियमामागचा अर्थ येथे वाटीने दाखविला जातो.

घडीची पोळी लाटतानाही हेच दाखविता येते. पोळीची छोटी चकती लाटून, तेल लावून ती मधोमध दुमडली की अर्धवर्तुळ होते. पुन्हा दुमडली की वर्तुळाचा चौथा भाग उरतो. सगळे जण त्याला त्रिकोण म्हणतात. मात्र त्याची एक बाजू वक्र असते, तेव्हा तो त्रिकोण नव्हे. त्याच्या टोकाशी काटकोन असतो. असे चार कोन एकत्र ठेवले की पूर्ण वर्तुळ तयार होते, हे चार घड्या पोळपाटावर जुळवून मूल स्वतः पाहू शकते.

मराठी घरांत धान्य मोजण्याची जी जुनी मापे होती, ती तर निम्मे करण्याच्या क्रियेवरच उभी होती. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची एक पायली. प्रदेशपरत्वे शेराचे आकारमान कमीजास्त असे. पण निम्म्याची ही साखळी परिचयाची होती. शेराचे अर्धे मापटे, पाव चिपटे, आठवा भाग कोळवे आणि सोळावा भाग निळवे. नाणीही याच चालीची होती. रुपयाचे सोळा आणे, म्हणून चार आणे म्हणजे पावली आणि आठ आणे म्हणजे अधेली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत शेराच्या जागी किलोग्रॅम व लिटर आले. हिशेब दशमान झाला. जीभ मात्र तीच राहिली. आजही दुकानात कोणी ‘२५० ग्रॅम रवा’ मागत नाही, ‘पाव किलो’च मागतो. मुलाला पुडीवरचा २५० हा आकडा आणि तोंडातला ‘पाव’ हा शब्द शेजारी शेजारी दाखवावा. १/४ आणि ०.२५० ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, हे दाखविण्यासाठी याहून सोपे साधन मिळणार नाही.

पाठगत प्रश्न १

१. १/४ हा १/३ पेक्षा लहान का आहे, हे भाकरीच्या उदाहरणाने दोन वाक्यांत सांगा.
२. एक मापटे म्हणजे किती निळवी?
३. घडीच्या पोळीच्या घडीला ‘त्रिकोण’ म्हणणे भूमितीच्या दृष्टीने बरोबर का नाही?

भाजणी आणि मोदक

चकलीची भाजणी हा प्रमाणाचा उत्कृष्ट पाठ आहे. घरोघरी तिच्यात थोडाफार फरक असतो. पण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ असे एक प्रचलित प्रमाण आहे. धणे-जिरे वेगळे. म्हणजे ४ : २ : १, एकूण सात भाग. वाटी कोणतीही घेतली तरी चालते, मात्र ती बदलायची नाही. मापाचा आकार महत्त्वाचा नाही, मापांचे परस्परांशी नाते महत्त्वाचे आहे, हेच प्रमाणाचे मर्म होय. दिवाळीसाठी साडेतीन किलो भाजणी करायची असेल तर एक भाग अर्ध्या किलोचा. म्हणून तांदूळ दोन किलो, हरभऱ्याची डाळ एक किलो आणि उडदाची डाळ अर्धा किलो. हा हिशेब दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे सोपवावा आणि दळण आणायलाही त्यालाच पाठवावे.

प्रमाण चुकले तर काय होते, हे वहीत कळत नाही. कढईत कळते. पिठात मोहन जास्त झाले की चकली तेलात विरते. कमी झाले की कडक होते. वहीतल्या चुकीला शिक्षक लागतो. येथे पदार्थच उत्तर तपासतो.

उकडीच्या मोदकांचे गणित थोडे निराळे आहे. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी आणि सारणासाठी दोन वाट्या खोवलेल्या नारळाला एक वाटी गूळ, हे प्रमाण पुष्कळांच्या हातात बसलेले असते. समजा, एका घरात एका वाटी पिठीचे नऊ मोदक होतात. गणेशचतुर्थीला एकवीस मोदक हवे आहेत. २१ ला ९ ने भागले की उत्तर येते दोन पूर्णांक एक तृतीयांश. आता हा तृतीयांश कोठून आणायचा? निम्मे करून अर्धा मिळतो, पुन्हा निम्मे करून पाव. पण कितीही वेळा निम्मे करीत गेले तरी नेमका तिसरा भाग कधीच हाती लागत नाही. चिपटे-कोळव्यांच्या साखळीत त्याला जागा नव्हती आणि ‘पाव’, ‘पाऊण’ यांच्यासारखा रोजच्या बोलण्यातला सुटसुटीत शब्दही त्याला मिळालेला नाही. मग अनुभवी गृहिणी काय करते? सव्वादोन वाट्या घेतल्या तर वीसच मोदक होतील आणि थोडी उकड उरेल, म्हणून ती अडीच वाट्या घेते. बावीस होतील, एखादा लहानसा आणखी होईल. एकवीस नैवेद्याला आणि उरलेले मुलांना. शाळेत ‘जवळच्या संख्येत रूपांतर करा’ असे सांगितले तर मूल सव्वादोन लिहील, कारण २ १/३ ला तीच जवळची संख्या आहे. येथे मात्र लांबची संख्या बरोबर आहे. आसन्न किंमत कोणत्या बाजूला घ्यावी, हे आकड्यांवर नव्हे तर गरजेवर ठरते, ही गोष्ट नैवेद्याच्या ताटाइतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

त्रैराशिकाचे सामर्थ्य जसे स्वयंपाकात दिसते, तशी त्याची मर्यादाही तेथेच दिसते. एक बटाटा उकडायला वीस मिनिटे लागत असतील तर तेवढेच मोठे पाच बटाटे उकडायला शंभर मिनिटे लागत नाहीत. मोदकपात्रात एका वेळी अकरा मोदक मावत असतील आणि एका घाण्याला पंधरा मिनिटे लागत असतील, तर एका मोदकालाही पंधराच मिनिटे आणि अकरांनाही पंधराच; बारावा मोदक आला की मात्र एकदम तीस. मुलाला असा प्रश्न मुद्दाम विचारावा. आकडे दिसले की गुणायचे, ही शाळेत लागणारी सवय मोडायला असे प्रश्न फार उपयोगी पडतात.

लाडू आणि शंकरपाळे

शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीवर कातण्याने सारख्या अंतरावर समांतर रेघा ओढल्या आणि मग तेवढ्याच अंतरावर तिरप्या रेघा ओढल्या, तर मिळणारा प्रत्येक तुकडा समभुज चौकोन असतो. दुसऱ्या रेघा काटकोनात ओढल्या तर चौरस. रेघांमधील अंतरे वेगवेगळी ठेवली तर समांतरभुज चौकोन. चौरस हाही समभुज चौकोनाचाच एक प्रकार आहे, हे मुलाला व्याख्येवरून पटत नाही; कातण्याचा कोन हळूहळू बदलत नेला की पटते. करंजी, चकली यांचे आकारही असेच ओळखायला सांगावेत.

लाडवांची गोष्ट मात्र विशेष आहे. तीन सेंटिमीटर व्यासाचे लाडू वळले आणि सहा सेंटिमीटर व्यासाचा एक मोठा लाडू वळला, तर त्या मोठ्या लाडवाला लहान लाडू किती लागतील? मुले दोन म्हणतात. मोठी माणसे फार तर चार म्हणतात. प्रत्यक्षात आठ लागतात. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही दुप्पट झाल्यामुळे २ × २ × २. पापडाच्या बाबतीत जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर पीठ चौपट लागते, कारण तेथे दोनच दिशा वाढतात. साधा वजनकाटा जवळ असेल तर हे दोन्ही प्रयोग अवश्य करावेत. आठ लाडू एकत्र कुसकरून एक लाडू वळताना मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, ते घनफळाचे सूत्र पाठ करताना उमटत नाही.

बाजारातले गणित आणि वर्गातले गणित

ब्राझीलमधील रेसिफे या शहरात रस्त्यावर नारळ, फळे इत्यादी विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिना कॅरहर, डेव्हिड कॅरहर आणि अॅनालुसिया श्लीमन या संशोधकांनी केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. नऊ ते पंधरा वर्षांची पाचच मुले त्यात होती. पण निष्कर्ष जगभर गाजले. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले तेव्हा या मुलांची ९८ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली. पुढे त्याच प्रकारची गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत घसरले. बारा वर्षांच्या एका मुलाने ३५ क्रुझेरो दराच्या चार नारळांची किंमत तिघांचे १०५ आणि वर एकाचे ३५ असे मिळवून १४० अशी अचूक सांगितली होती. तोच ३५ × ४ हा गुणाकार कागदावर करताना त्याने हातचा आधी मिळवून मग गुणले आणि २०० असे लिहिले. बाजारात दोनशे मागितले असते तर गिऱ्हाईक निघून गेले असते, हे त्याला ठाऊक होते. कागदावर मात्र आकड्यांमागे नारळ नव्हते.

अमेरिकन अभ्यासक जीन लेव्ह यांच्या १९८८ च्या ग्रंथातील एक नोंदही अशीच बोलकी आहे. वजन कमी करण्यासाठी मोजून खाणाऱ्या एका गृहस्थाला दोन तृतीयांश कप कॉटेज चीजचा, म्हणजे आपल्या पनीराच्या जवळच्या पदार्थाचा, तीन चतुर्थांश भाग हवा होता. त्याने दोन तृतीयांश कप चीज मोजून घेतले, पाटावर थापून त्याची गोल चकती केली, तिच्यावर अधिकाचे चिन्ह काढले आणि एक चतकोर बाजूला सारला. उरला तो हवा असलेला भाग. गुणाकार केला असता तर उत्तर सरळ अर्धा कप आले असते. त्याने तो केलाच नाही. काही जण यावरून शाळेतील गणिताची गरजच नाही असे म्हणतील. ते बरोबर नव्हे. त्या गृहस्थाचे काम एका कपापुरते निभावले. पाचशे माणसांच्या स्वयंपाकात चकती थापून भागणार नाही. तेथे २/३ × ३/४ = १/२ हे लिहिताच आले पाहिजे.

म्हणून घरच्या गणिताचा शेवट वहीत व्हावा. मुलाने अर्धी आणि पाव वाटी मिळून पाऊण वाटी केली की तेच त्याने १/२ + १/४ = ३/४ असे लिहावे. ‘शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे’ हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे एक मार्गदर्शक तत्त्व आहे. हा जोड दोन्ही टोकांनी द्यावा लागतो. नुसता लाडू वळून भागाकार येत नाही.

शाळेच्या पातेल्यातील हिशेब

शासकीय शाळांतील मध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते. तिच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल शिजवायचे असते. उच्च प्राथमिक वर्गासाठी हेच प्रमाण दीडपट, म्हणजे १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम असे आहे. समजा, प्राथमिक शाळेच्या फळ्यावर आजची हजेरी ८४ आहे. तर तांदूळ ८ किलो ४०० ग्रॅम, डाळ १ किलो ६८० ग्रॅम, भाजी ४ किलो २०० ग्रॅम आणि तेल ४२० ग्रॅम लागेल. त्या दिवशी पातेल्यात एकच किलो डाळ पडली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम १२ ग्रॅम डाळ येईल. वीसच्या ठिकाणी बारा. हे गणित चौथी-पाचवीच्या मुलाला करता येते, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकालाही करता आले पाहिजे. ज्या पालकाला हा भागाकार येतो, त्याला आपल्या मुलाच्या ताटाविषयी प्रश्न विचारण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

काही पथ्ये

चूल, उकळते पाणी, तापलेले तेल आणि धारदार विळी यांच्यापासून लहान मुलांना दूरच ठेवावे. मोजणे, ओतणे, निवडणे, मळणे, वळणे, मांडणे ही त्यांची कामे. तळण मोठ्यांनीच करावे.

स्वयंपाकघरातील गणित हे मुलींसाठीच, असा अर्थ कोणी काढू नये. भाजणी मोजण्याचे काम मुलग्याला दिले तर त्याला प्रमाण समजते आणि दुसरे एक काम आपलेही आहे हेही समजते. उत्तर चुकले म्हणून खाऊ नाकारणे हा तर शुद्ध अन्याय होय. ज्या घरात एकच भाकरी आहे, तेथे ती शिकविण्यासाठी मोडून ठेवण्याचीही गरज नाही. मातीची किंवा कागदाची चकती तेच काम करते. शिवाय प्रत्येक घासाला प्रश्न विचारू नये. जेवण ही परीक्षा झाली की मूल जेवणालाही कंटाळते आणि गणितालाही.

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर पदार्थ बदलतील. इंदूरच्या घरात पोहे असतील, बडोद्यात ढोकळा, बेळगावात कुंदा, तंजावरच्या मराठी घरात इडली. इडलीचे तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडदाची डाळ हे प्रमाणसुद्धा भाजणीइतकेच बोलके आहे.

भाषाभ्यास

मराठीतील अपूर्णांकाच्या शब्दांत बेरीज-वजाबाकी दडलेली असते. ‘सव्वा’ म्हणजे पावाने अधिक आणि ‘पावणे’ म्हणजे पावाने उणे : सव्वातीन म्हणजे ३ १/४, पावणेतीन म्हणजे २ ३/४. हा पाव कशाचा, हे पुढच्या शब्दावर ठरते. सव्वातीनशे म्हणजे ३२५, कारण तेथे पाव शंभराचा आहे. एके काळी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ करवून घेत असत. ‘औट’ हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. अडीच आणि दीड मात्र आजही जोमात आहेत. ‘साडे’ हा शब्द तीनपासून पुढे लागतो; ‘साडेएक’ किंवा ‘साडेदोन’ असे कोणी म्हणत नाही.

म्हणींतही हिशेब आहे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ येथे मसाला कोंबडीच्या तिप्पट आणि एकूण खर्च बरोबर एक रुपया. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही तर नमुना घेऊन समग्राचा अंदाज करण्याची रीत. मात्र शीत तळाचे घ्यावे की वरचे, हे जाणत्याला ठाऊक असते, कारण भात सर्वत्र सारखा शिजलेला नसेल तर एक शीत फसविते.

स्वाध्याय

१. अंकांत लिहा : पाऊणशे, दीडशे, पावणेचारशे, अडीच हजार.
२. ४ : २ : १ या प्रमाणात १ किलो ७५० ग्रॅम भाजणी करायची आहे. प्रत्येक धान्य किती घ्याल?
३. उच्च प्राथमिक शाळेत आज ६० मुले हजर आहेत. डाळ आणि तेल किती लागेल?
४. ‘आकडे दिसले की गुणायचे’ ही सवय का मोडावी? पाठाबाहेरचे एक उदाहरण देऊन लिहा.
५. ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती आठ माणसांसाठी लिहा. नंतर तीच कृती पाच माणसांसाठी लिहा आणि कोणत्या गोष्टी त्या प्रमाणात बदलल्या नाहीत ते नोंदवा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) एकच भाकरी चौघांत वाटली तर तिघांत वाटण्यापेक्षा वाटेकरी वाढतात. त्यामुळे प्रत्येकाचा वाटा लहान होतो. (२) आठ. (३) तिची एक बाजू वक्र असते. ती वर्तुळाचा चौथा भाग आहे.

स्वाध्याय : (१) ७५, १५०, ३७५, २५००. (२) तांदूळ १ किलो, हरभऱ्याची डाळ ५०० ग्रॅम, उडदाची डाळ २५० ग्रॅम. (३) डाळ १ किलो ८०० ग्रॅम, तेल ४५० ग्रॅम. (४), (५) आणि (६) यांची उत्तरे स्वतः लिहून आपल्या अभ्यासकेंद्रातील शिक्षकांना दाखवा.